युरेका ड्यून्सचा कोरडा कॅम्प: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी तयारी, रस्ता आणि मुक्काम

कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांची डेथ व्हॅलीची सहल बहुतेक वेळा ठरलेल्या वाटेनं होते: फर्नेस क्रीक, झब्रिस्की पॉइंट, बॅडवॉटर आणि परत. याच राष्ट्रीय उद्यानाच्या वायव्य कोपऱ्यात युरेका व्हॅली आहे. १९९४ साली उद्यानाची हद्द वाढली तेव्हा ती आत आली. तिथल्या वाळूच्या टेकड्या सुमारे ६८० फूट उंच, म्हणजे दोनशे मीटरच्या वर आहेत. कॅलिफोर्नियात यांच्याहून उंच टेकड्या नाहीत. त्यांच्या उत्तर पायथ्याशी मोजक्या जागांचा एक कॅम्प आहे, युरेका ड्यून्स ड्राय कॅम्प.

यातला ‘ड्राय’ शब्द नीट ध्यानात घ्या. तिथे लाकडी टेबलं, शेकोटीची लोखंडी कडी आणि खड्ड्याचं एक शौचालय आहे. नळ, दिवा, कचरापेटी, दुकान, मोबाइलची रेंज, चौकीदार यातलं काहीही नाही. जवळचं गाव बिग पाइन, सुमारे ५० मैलांवर, आणि ५० मैल म्हणजे दोन तास. बिग पाइन सोडताना गाडीत जे नसेल ते परत येईपर्यंत मिळणार नाही. खालची सगळी तयारी या एका गोष्टीभोवती आहे.

१. तारीख ठरवा: हवामान आधी, चंद्र नंतर

कॅम्प समुद्रसपाटीपासून साधारण ३,००० फुटांवर आहे. बॅडवॉटर समुद्रसपाटीच्याही खाली असल्यामुळे तिथलं तापमान पाहून युरेकाचा अंदाज बांधू नका, युरेका बरंच थंड असतं. ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरअखेर आणि मार्च ते एप्रिलचा मध्य हे दिवस चांगले. वसंतात वारा जास्त असतो, म्हणून नवख्यांनी शरद ऋतू निवडावा. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा शून्य सेल्सियसच्या खाली जातो. जून ते सप्टेंबर जाऊच नका. उन्हाळ्यात तिथे टायर फुटणं हे थेट जिवावरचं संकट आहे.

आता चंद्र. हे उद्यान २०१३पासून आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय पार्क’ आहे आणि युरेका व्हॅलीत गावाचा उजेड जवळपास पोहोचतच नाही. लक्ष्मीपूजन अमावास्येला असतं, त्यामुळे दिवाळीला लागून येणारा शनिवार-रविवार ताऱ्यांसाठी आपसूक उत्तम ठरतो. फटाके मात्र घरीच ठेवा, राष्ट्रीय उद्यानात त्यांना सक्त मनाई आहे. कोजागरीच्या आसपास गेलात तर तारे कमी दिसतील, पण टॉर्चशिवाय वाळूत फिरता येईल. लहान मुलं बरोबर असतील तर पौर्णिमेजवळची तारीख जास्त सोयीची.

थँक्सगिव्हिंगचा लाँग वीकेंड टाळा. कॅम्पला आरक्षण नाही, जो आधी येईल त्याची जागा. सुट्टीच्या शनिवारी संध्याकाळी पाचला पोहोचणाऱ्याला जागा मिळेलच असं नाही.

२. कागदपत्रं आणि परवानग्या

या रस्त्यावर प्रवेशाचं नाकं नाही. तरी प्रवेशशुल्क भरावंच लागतं: प्रति गाडी ३० डॉलर, ७ दिवसांसाठी. ते घरूनच ऑनलाइन भरा आणि पावती छापून घ्या, तिथे फोनवर काही उघडणार नाही. वार्षिक पास असेल तर तोच चालतो. निघण्याच्या आदल्या दिवशी उद्यानाच्या संकेतस्थळावर मुक्कामाचे चालू नियम आणि रस्त्यांची स्थिती, दोन्ही पाहा. ऑगस्ट २०२३मध्ये हिलरी वादळाच्या पावसानं इतके रस्ते वाहून गेले की सगळं उद्यान १५ ऑक्टोबरपर्यंत बंद होतं.

सोबत ठेवायचे कागद:

- वाहन परवाना. भारतातून आलेले नातलग गाडी चालवणार असतील तर त्यांचा परवाना आणि पासपोर्ट
- ग्रीन कार्ड, किंवा व्हिसावर असाल तर पासपोर्ट आणि आय-९४ची (अमेरिकेत प्रवेश केल्याच्या नोंदीची) प्रत
- गाडीच्या विम्याचं कार्ड, आई-बाबा आले असतील तर त्यांच्या प्रवासविम्याचा कागद
- छापील नकाशा. फोनमधला नकाशा डाउनलोड केलेला असला तरी छापील हवाच
- प्रत्येकाची औषधं, ॲलर्जी आणि रक्तगट लिहिलेली चिठ्ठी

आणि एक कागद घरी ठेवायचा. कोण, कोणती गाडी, नंबरप्लेट, कोणत्या रस्त्यानं, कुठे मुक्काम, परतीचा दिवस, आणि ‘अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर इन्यो काउंटीच्या शेरिफला कळव’ ही ओळ. हे सगळं एखाद्या जबाबदार मित्राला पाठवा. पोचल्यावर फोन करू, असं सांगू नका. तिथून फोन लागत नाही आणि घरचे विनाकारण काळजीत पडतात.

३. गाडी आणि टायर

पाणी विसरणारे कमी, टायरनं दगा दिलेले जास्त. रस्त्याचा बराच भाग खडीचा आहे आणि शेवटचे १० मैल, म्हणजे साउथ युरेका रोड, ‘वॉशबोर्ड’ असतो: पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा. कोरड्या हवेत, सावकाश चालवली तर साधी गाडीही सहसा पोचते. जमिनीपासून थोडी उंच गाडी असेल तर जिवाला घोर कमी. पाऊस झाल्यावर दरीतल्या कोरड्या तळ्याच्या बाजूला चिखल होतो, तेव्हा कुठलीही गाडी नेऊ नये.

निघण्यापूर्वी घरीच तपासा:

- सुटं चाक. डिकीचं कव्हर उचलून स्वतः बघा. बऱ्याच नव्या गाड्यांत चाक नसतंच, फक्त टायरचं छिद्र बुजवायच्या सीलंटचा डबा असतो. धारदार खडीनं टायरची बाजू चिरली तर सीलंट काही कामाचं नाही. बारीक ‘डोनट’ चाकही खडीवर जेमतेम चालतं. पूर्ण मापाचं चाक हवं आणि त्यात हवा हवी.
- जॅक आणि पाना. जॅक वाळूत रुततो, म्हणून त्याच्याखाली ठेवायला एक फूट लांब-रुंद जाड प्लायवुडची फळी घ्या. चाकाच्या नटांना कुलूप असेल तर त्याची किल्ली कुठे आहे ते आत्ताच शोधा.
- हवेचा गेज आणि बारा व्होल्टचा पंप. खडी सुरू झाली की टायरची हवा साधारण ३५ पीएसआयवरून २६-२८वर आणा. धक्के कमी होतात आणि दगड टोचण्याची शक्यताही. कमी हवेवर ताशी ३५ मैलांच्या वर जाऊ नका, टायर तापतो. डांबर लागलं की परत भरा.
- फावडं आणि ओढायचा पट्टा.

भाड्याची गाडी घेणार असाल तर करारातली बारीक अक्षरं वाचा. डांबर सोडून गेल्यास विमा लागू नाही, असं कलम बहुतेक करारांत असतं. रोडसाइड मदतीच्या सदस्यत्वातही कच्च्या रस्त्यावरचं टोइंग अनेकदा धरलेलं नसतं, आणि अशा जागेहून गाडी ओढून आणायचं बिल हजार डॉलरच्या पुढे सहज जातं.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी हिशेब जास्त काटेकोर करावा. बिग पाइन ४,००० फुटांवर, मध्ये ७,००० फुटांच्या वरचा चढ, मग ३,००० फुटांवर उतार, आणि येताना तोच डोंगर उलट्या बाजूनं. त्यात थंड रात्री बॅटरी उतरते. बिशप किंवा लोन पाइनला पूर्ण भरून निघा आणि कॅम्पवर गाडीचा हीटर लावून झोपायचा विचार सोडून द्या.

४. पाण्याचा हिशेब

उद्यानाचा सल्ला माणशी दिवसाला किमान १ गॅलन, म्हणजे ३.८ लिटर. हे पिण्यापुरतं झालं. आपला स्वयंपाक, हातपाय धुणं आणि शौचाला लागणारं पाणी धरून माणशी ६ लिटर पकडा. चार माणसं, दोन रात्री, म्हणजे तीन दिवस: ४ × ६ × ३ = ७२ लिटर. गाडी बंद पडली तर एक दिवस जास्त काढता यावा म्हणून वर १६ लिटर. एकूण ८८. पाच गॅलनचे चार कॅन (७६ लिटर) आणि अर्ध्या लिटरच्या २४ बाटल्या, एवढ्यात ते बसतं.

सगळं पाणी एका मोठ्या पिंपात भरू नका, एक भेग पडली की सगळं गेलं. कॅन उभे, पट्ट्यानं बांधून ठेवा. वॉशबोर्डवर आडव्या कॅनची तोटी हमखास गळते. पाच गॅलनचा कॅन १९ किलोचा असतो, तो आई-बाबांना उचलायला लावू नका. कडक थंडीत तोटीतलं पाणी गोठतं, म्हणून सकाळच्या चहाचं पाणी रात्रीच पातेल्यात काढून झाकून ठेवायचं.

५. तंबू, झोप आणि वारा

दुकानातून तंबूबरोबर येणाऱ्या बारीक खुंट्या इथे निरुपयोगी. भुसभुशीत जमिनीतून त्या बोटानं उपटतात. दोन उपाय आहेत. एक, फूटभर लांबीच्या रुंद ‘सँड स्टेक’ खुंट्या. दुसरा स्वस्त आणि जास्त भरवशाचा: कापडी पिशवीत वाळू भरा, तिच्या गळ्याला तंबूची दोरी बांधा, फूट-सव्वाफूट खड्ड्यात आडवी पुरा आणि वर वाळू दाबून बसवा. चार कोपऱ्यांना चार आणि ताणाच्या दोऱ्यांना चार, अशा आठ पिशव्या घ्या. निघताना वाळू तिथेच ओतायची, पिशव्या घरी.

तंबूचं दार वाऱ्याच्या उलट बाजूला ठेवा. रिकामा तंबू कधीही नुसता सोडू नका. टेकडीवर जाताना आत पाण्याचे दोन कॅन ठेवले की तो जागेवर राहतो. भिंती अर्ध्यापर्यंत तरी कापडाच्या असतील असा तंबू निवडा. पूर्ण जाळीच्या तंबूत रात्रभर बारीक वाळू गाळणीतून गाळावी तशी अंगावर पडते.

झोपेच्या पिशवीवर लिहिलेलं तापमान बहुधा ‘तग धरण्याचं’ असतं, सुखाच्या झोपेचं नव्हे. नोव्हेंबरसाठी २० अंश फॅरनहाइटची (उणे ७ सेल्सियस) पिशवी घ्या. त्याहून महत्त्वाची अंगाखालची गादी. पाहुण्यांसाठी घरात ठेवलेली फुगवायची जाड गादी नेऊ नका. तिच्यातली हवा रात्री थंडगार होते आणि पाठीकडून अंग गारठतं. आर-व्हॅल्यू (थंडी अडवण्याची क्षमता) ४ किंवा जास्त असलेली कॅम्पिंगची गादी हवी. तिच्याखाली चटई आणि वर घरची गोधडी असेल तर आणखी चांगलं.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. दिवसा ते थंड ठेवायचं, पण रात्री गोठू द्यायचं नाही. गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यावं लागतं. रात्री पेन आणि कुपी झोपेच्या पिशवीत, अंगाजवळ ठेवा.

६. चूल आणि शिदोरी

आशियाई दुकानांत मिळणाऱ्या लांबट ब्युटेनच्या डब्यांवर चालणारी शेगडी बऱ्याच मराठी घरांत असते. ती इथे सकाळी पेटत नाही. ब्युटेन शून्याच्या आसपास वायुरूप होणंच थांबवतं. १ पौंडाच्या हिरव्या प्रोपेनच्या बाटलीवर चालणारी शेगडी घ्या. मोठ्या आचेवर एका बर्नरला एक बाटली सुमारे दोन तास पुरते. चार माणसांना दोन रात्रींसाठी दोन बाटल्या आणि एक राखीव. वारा अडवायला आडोसा करा, पण बाटलीला चारी बाजूंनी झाकू नका, ती तापते. आणि कितीही थंडी वाजली तरी तंबूत शेगडी पेटवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

लहान प्रेशर कुकर न्या. गॅस आणि पाणी दोन्ही वाचतं, आणि वाळू पडत नाही. डाळ-तांदूळ घरून धुऊन, वाळवून, मसाल्यासकट पिशवीत मोजून भरलेले असले की खिचडी एका भांड्यात होते. फोडणीही घरीच करून बाटलीत भरा, वाऱ्यात तेल तापवणं धोक्याचं आहे. पहिल्या दिवसासाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. दुधात भिजवलेल्या दशम्या पूर्वी प्रवासात न्यायचे, ते याच कारणासाठी: टिकतात, आणि काही शिजवावं लागत नाही. दुसऱ्या सकाळी दडपे पोहे. नारळ आणि कांदा घरून कापून नेला तर चूलही नको. थालीपिठाचा मोह टाळा, भाजणी भिजवण्यापासून तवा धुण्यापर्यंत पाणीच पाणी लागतं.

भांडी आधी कागदानं पुसायची, मग फवाऱ्याच्या बाटलीनं ओली करून परत पुसायची. चार ताटं अर्ध्या लिटरमध्ये होतात. जे सांडपाणी उरेल ते गाळून तंबू आणि झुडपांपासून दूर पसरून टाका, गाळ कचऱ्याच्या पिशवीत.

शेकोटी फक्त तिथल्या लोखंडी कड्यात. लाकूड बिग पाइन किंवा बिशपहून विकत न्या. उद्यानात वाळलेली काटकी उचलणंही नियमाविरुद्ध आहे.

७. बिग पाइन ते कॅम्प

लॉस एंजेलिसहून १४ नंबरच्या हायवेनं मोहावी (Mojave) गाव, मग ३९५ नंबरचा हायवे धरून बिग पाइन, जेवणासकट पाच तास धरा. बे एरियावाल्यांनी टायोगा पासच्या भरवशावर राहू नये. तो बर्फामुळे साधारण नोव्हेंबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत बंद असतो, म्हणजे नेमका या कॅम्पच्या मोसमात. बेकर्सफील्ड-तेहाचापीकडून वळसा घालावा लागतो, त्यामुळे पहिली रात्र बिशप किंवा बिग पाइनला काढणं शहाणपणाचं.

बिग पाइनला टाकी पूर्ण भरा, अर्धी पुरेल असं वाटलं तरी. तिथूनच घरी शेवटचा फोन करा. मग १६८ नंबरच्या रस्त्यानं पूर्वेकडे, आणि अडीच मैलांच्या आसपास उजवीकडे डेथ व्हॅली रोड. हा रस्ता इन्यो डोंगर चढून ७,००० फुटांच्या वर जातो. हिवाळ्यात इथे बर्फ असू शकतो, टायरला लावायच्या चेन गाडीत ठेवा. डोंगर उतरून युरेका व्हॅलीत आल्यावर उजव्या हाताला साउथ युरेका रोडची पाटी दिसते. तिथून १० मैल, ताशी १५ ते २५ मैलांनी.

दोन सापळे आहेत.

पहिला: फर्नेस क्रीकहून निघालात तर फोन तुम्हाला उबेहेबे विवरावरून उत्तरेकडे, लांबच लांब खडीच्या रस्त्यानं पाठवतो. नकाशात तो जवळ दिसतो. नवख्यानं बिग पाइनकडूनच यावं.

दुसरा जास्त धोक्याचा: कॅम्पच्या पुढे एक वाट स्टील पासमार्गे सलाइन व्हॅलीला जाते. नकाशावर ती रस्त्यासारखीच दिसते, पण खडकांच्या पायऱ्या आणि मऊ वाळूची ती वाट फक्त अनुभवी चालकाच्या फोर-व्हील ड्राइव्हसाठी आहे. कॅम्प आला की गाडी तिथेच थांबवा.

बिग पाइन दुपारी एकच्या आत सोडा. डिसेंबरात पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि वाऱ्यात, अंधारात पहिल्यांदा तंबू लावणं फार हाल करतं. उशीर झालाच तर बिग पाइनच्या फाट्यावर, ३९५ आणि १६८ मिळतात तिथे, ग्लेशियर व्ह्यू नावाचा काउंटीचा कॅम्प आहे. तो सुरू आहे का ते आधी पाहून ठेवा आणि रात्र तिथे काढा.

८. कॅम्पवर

ठरलेल्या जागेतच तंबू लावा. टेकड्यांवर किंवा पाण्याच्या कोरड्या ओहोळात कधीही नको. आकाश निरभ्र असतानाही डोंगरातल्या पावसाचा लोंढा येऊ शकतो. वयस्कर मंडळी असतील तर शौचालयाच्या जवळची, पण वाऱ्याच्या वरच्या अंगाची जागा पकडा. शौचालयात पाणी नसतं. आपली पाण्याची बाटली, कागद आणि सॅनिटायझर न्या. खड्ड्यात कचरा, डायपर, ओले वाइप्स काहीही टाकू नका, ते काढायला कुणालातरी हात घालावा लागतो.

अन्न आणि कचरा रात्री गाडीत. डोमकावळे दिवसा पिशव्या फाडतात, रात्री छोटे कोल्हे आणि कांगारू उंदीर येतात. उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर झाडू नका, त्यातून हंताव्हायरस पसरू शकतो. बूट तंबूच्या आत ठेवा आणि घालण्यापूर्वी झटका, विंचवाची शक्यता असते.

दिवसा कधी अचानक कान फाडणारा आवाज होईल. लष्करी विमानं या दऱ्यांतून अगदी खालून जातात. मुलांना आणि आजी-आजोबांना आधी सांगून ठेवा, नाहीतर छातीत धस्स होतं.

९. टेकडीवर

माथ्यापर्यंत जाऊन यायला अडीच-तीन तास धरा, माणशी दीड लिटर पाणी, आणि अनवाणी नको. सूर्योदयाला निघा. सरळ चढ अंगावर घेऊ नका, धारेवरून चढा, तिथे वाळू थोडी घट्ट असते.

पूर्ण कोरडी वाळू तीव्र उतारावरून घसरली की टेकडी गुणगुणते, दूरवर विमान चालल्यासारखा खोल, खर्जातला आवाज. पायाखाली तो अंगातून जाणवतो. पावसानंतर काही दिवस टेकडी मुकी असते. हा आवाज चालत उतरताना ऐकायचा, फळीवर घसरून नाही. सँडबोर्डिंगला इथे बंदी आहे आणि कारण ठोस आहे: युरेका ड्यून ग्रास नावाचं गवत आणि इथली इव्हनिंग प्रिमरोज या वनस्पती जगात फक्त याच दरीत उगवतात. उतारावर गवताचे टोकदार झुबके दिसले की चार पावलं बाजूनं जा. ड्रोनला मनाई आहे. कुत्र्याला कॅम्प आणि रस्त्यापलीकडे नेता येत नाही.

१०. काही बिघडलं तर

गाडी बंद पडली तर गाडीजवळ थांबा. चालत मदत आणायला निघणं ही वाळवंटातली सगळ्यात जीवघेणी चूक. माणसापेक्षा गाडी लांबून दिसते, आणि पाणी गाडीत आहे. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भाड्यानंही मिळतं. आयफोन १४ आणि त्यानंतरच्या फोनमध्ये उपग्रहावरून आणीबाणीचा संदेश पाठवायची सोय आहे, तिचा सराव-मोड घरी एकदा वापरून पाहा. जवळचं मोठं रुग्णालय बिशपला आहे, बिग पाइनहून १५ मैल पुढे. म्हणजे कॅम्पवरून अडीच तास. छातीत दुखणं, सतत उलट्या, उन्हानं भ्रमिष्टासारखं बोलणं, यात सकाळपर्यंत वाट पाहू नका.

११. निघताना

राख पूर्ण विझवा. हात लावून गार लागेपर्यंत पाणी आणि ढवळणं. यासाठी वेगळे चार लिटर शेवटच्या सकाळपर्यंत राखून ठेवा. कचऱ्याच्या पिशव्या दुहेरी बांधून डिकीत, संत्र्याच्या आणि केळीच्या सालीसुद्धा. कोरड्या हवेत त्या कुजत नाहीत, वर्षानुवर्षं तशाच पडून राहतात. तंबूच्या चेनमधली वाळू जुन्या टूथब्रशनं तिथेच झाडून टाका, तशीच ओढली की चेनचे दात जातात. उरलेलं पाणी ओतू नका, बिग पाइनला पोचेपर्यंत ते तुमचं राखीव आहे. सलग डांबर सुरू झालं की थांबा, टायर थंड होऊ द्या, हवा परत ३५वर आणा आणि चारही टायरच्या आतल्या बाजूला हात फिरवून चीर नाही ना ते पाहा. हायवेवर ताशी ६५नं ती चीर कळण्यापेक्षा इथे कळलेली बरी.